बत्तीबहाद्दरचा जन्म आणि आमची शोभा

ज्याचं काही छापून येतं, त्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते घरी येतात, दुकानात गाठतात, बसमध्ये शेजारी येऊन बसतात. त्यातले चांगले तो स्वतःच सांगत सुटतो. बाकीचे, बायको चारचौघांत सांगून टाकेपर्यंत दाबून ठेवतो. माझ्याकडे गेल्या दिवाळीपासून या दुसऱ्या प्रकारचे इतके साठलेत, की म्हटलं बायकोच्या आधी आपणच सांगून मोकळं व्हावं.

आधी थोडं आमच्याबद्दल. आम्ही तिघं. अरविंदभाई, त्यांचा डहाणूला छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि त्यातून कागद उरला की मुलांसाठी एक मासिक. चिखल्याचा हरेश, चिकूची वाडी सांभाळतो आणि चित्रं काढतो. आणि मी दिनेश, तारापूरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात नोकरी करतो आणि गोष्टी लिहितो. आम्ही तिघांनी मिळून वीसेक वर्षांपूर्वी एक हिरो काढला. बत्तीबहाद्दर. खाकी अर्धी पँट, अंगात बनियन, हातात गॅसबत्ती. त्या बत्तीच्या उजेडात खोटं बोलणाऱ्या माणसाची सावली उलटी पडते, म्हणजे बत्तीच्याच दिशेने. एवढीच त्याची शक्ती. पण तेवढ्यावर त्याने मोटारपंपाचे चोर पकडले, वजनात मारणारे व्यापारी पकडले, एकदा तर एक खोटा नवरदेव भर मांडवात पकडला.

तो कुठला, हे आम्ही कधी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं की मी म्हणायचो, "जवळचाच." लोकांना तेवढं पुरत होतं.

गेल्या दिवाळीला अरविंदभाई म्हणाले, "दिनेशभाय, आता सगळ्या हिरोंची ओरिजिन, जन्माची स्टोरी येते. आपलीपण काढ. मोठी पायजे पण."

मी मोठी काढली. बत्तीबहाद्दर मुंबईच्या एका बंगल्यात जन्मतो. वडील शास्त्रज्ञ. शिक्षण परदेशात. प्रयोगशाळेत स्फोट होतो, वडील जातात, त्यांनी शोधलेलं दुर्मिळ खनिज बत्तीत जातं, आणि तरुण विक्रांत, म्हणजेच बत्तीबहाद्दर, मोटार घेऊन डहाणूला येतो. मोठ्या हिरोला मोठं घर लागतं, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं. शेवटच्या पानावर पहिल्यांदाच माझा फोटोही छापला. त्या फोटोने पुढे घात केला.

*

पहिली प्रतिक्रिया हरेशच्या ओट्यावरच मिळाली. त्याचे भालूकाका अंक वाचून संपवून माझी वाटच बघत बसले होते.

"काय रे दिनेश, हा एवढा परदेशात शिकून आला?"

"हो काका."

"मोटारीतून आला?"

"हो."

"आणि हातात गॅसबत्ती? चांगली टॉर्च नाही मिळाली त्याला तिकडे?"

मी त्यांना खनिजाचं समजावून सांगितलं. उजेड बत्तीचा नाही, खनिजाचा आहे वगैरे. काकांनी नीट ऐकून घेतलं.

"मग ती मेंटलची जाळी कशाला? रॉकेल कशाला? पंप कशाला मारतो दर वेळी?"

मी म्हटलं, "ते आपलं… दिसायला."

"दिसायला," काका हरेशकडे बघून म्हणाले आणि उठून आत गेले. हरेश चिकू निवडत बसला होता, त्याने मान वर केली नाही. थोड्या वेळाने लाइट गेली. ओट्यावर मी आणि हरेश दोघेच, काळोखात. आतून काकांचा आवाज आला.

"हरेश, ते परदेशातले पाहुणे बसलेत ना बाहेर? त्यांना टॉर्च दे."

*

कारखान्यात मला कोणी लेखक म्हणून ओळखत नाही. तिथे मी नटबोल्टवाला. त्यामुळे सेफ्टीच्या शिल्पा मॅडम माझ्या टेबलाशी येऊन, "तुमच्या कॉमिकमधलं एक पान सेफ्टी वीकला वापरलं तर चालेल का?" असं विचारायला लागल्या, तेव्हा मी फारच फुगलो. कार्यक्रमाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. पहिल्या रांगेत बसलो. जाताना घरी सुषमाला, म्हणजे बायकोला, सांगूनही गेलो होतो.

पडद्यावर पान आलं. प्रयोगशाळेच्या स्फोटाचं. हरेशने काय सुंदर काढलं होतं. मॅडमनी काठी हातात घेतली आणि शंभरेक कामगारांना विचारलं, "या चित्रात सुरक्षेच्या कोणकोणत्या चुका दिसतात?"

मग सुरू झालं. हातमोजे नाहीत. चष्मा नाही. बाटलीवर लेबल नाही. ज्वाळेशेजारी कागद. प्रयोगाच्या टेबलावर जेवणाचा डबा. दार आत उघडतं. घरच्या माणसाला प्रयोगशाळेत येऊ दिलं. मॅडम एकेक चूक फळ्यावर लिहीत होत्या. मी मान खाली घालून बुटाची नाडी बांधत होतो. नाडी बांधलेलीच होती.

"शाबास. अजून काही राहिलं?"

मागून बॉयलरवरचा एक जण म्हणाला, "गोष्ट."

"गोष्ट म्हणजे?"

"गोष्ट चुकलीय मॅडम."

सगळा हॉल हसला. मॅडम मात्र शिस्तीच्या बाई. त्यांनी वळून तेही फळ्यावर लिहिलं.

*

कामासाठी एकदा तलासरीला गेलो होतो. परतीच्या एस.टी.त खिडकी मिळाली. कंडक्टर तिकीट फाडताना माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"तुम्ही ते बत्तीबहाद्दरवाले ना? फोटो आलाय तुमचा."

मी "हो" म्हटलं. खरं सांगायचं तर थोडं मोठ्याने म्हटलं. शेजारच्यालाही कळावं म्हणून.

कंडक्टरने पुढे बघून ड्रायव्हरला सांगितलं, "ओ, ते बसलेत आपल्या गाडीत. त्याला मुंबईचा करणारे."

मग गाडीभर चौकशी सुरू झाली. कोणाला मुंबईचा केला, का केला. ज्यांनी वाचलं होतं ते न वाचलेल्यांना सांगत होते. पुढच्या सीटवरचा एक म्हातारा पूर्ण वळून मला न्याहाळत बसला. टोपली घेऊन उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, "दिसतो तर बरा." मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

गर्दी उतरल्यावर कंडक्टर माझ्या शेजारी येऊन टेकला. मला वाटलं आता आणखी ऐकवणार. पण त्याचा आवाज बदललेला होता.

"सर, आमच्या पाड्याच्या मागे एक रिकामं घर होतं. बाप सांगायचा, हे बत्तीबहाद्दरचं. रात्रभर फिरतो, दिवसा इथे येऊन झोपतो. आम्ही दुपारी तिथून जाताना चपला हातात घ्यायचो. आवाज नको म्हणून."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बाप अजून आहे. त्याला अंक वाचून दाखवला नाही अजून. तो रोज विचारतो, दिवाळीचा आला का."

तो उठून पुढे गेला. मी तिकीट काढून त्यावर काय काय छापलंय ते डहाणू येईपर्यंत वाचत बसलो. डोळे कुठेतरी ठेवायला हवे होते.

*

चिंचणीला आम्ही वर्षाचे सुके बोंबील हिराबाईंकडून घेतो. मुलांनी अंक घरात आणला की त्यांची सून मोठ्याने वाचते आणि मासळी पलटता पलटता त्या ऐकतात. हे मला ठाऊक होतं, म्हणून या खेपेला मी सुषमाला एकटीलाच पाठवणार होतो. तिने ऐकलं नाही. पिशवी कोण धरणार, म्हणाली.

हिराबाई नेहमीसारख्या हसल्या. बोंबील बांधायला घेतले. मी सुटलो असं वाटत असतानाच त्यांनी विचारलं, "भाऊ, त्याचे आईचं काय झालं?"

"कोणाच्या?"

"बत्तीवाल्याचे. बाप आहे, बंगला आहे, नोकर आहेत, कुत्रा पण आहे. आई कुठं गेली?"

आई मी लिहिलीच नव्हती. विसरलो होतो. सावरून म्हटलं, "ती वारली."

"कधी?"

"म्हणजे… गोष्ट सुरू व्हायच्या आधी."

"कशाने?"

आता सुषमाही माझ्याकडे बघायला लागली. शेजारी मासळी पसरणाऱ्या दोघीतिघी हात थांबवून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "आजाराने."

"कसला आजार?"

मी पिशवीसाठी हात पुढे केला. हिराबाईंनी गाठ मारली, पिशवी माझ्या हातात न देता सुषमाच्या हातात दिली आणि तिला म्हणाल्या, "एवढा पोर जन्माला घातला त्या बाईने. आणि यांना ती कशाने गेली तेसुदीक माहीत नाही."

रात्री जेवताना सुषमाने माझ्या आईचा विषय काढला आणि तिला फोन कधी केला होता ते विचारलं.

*

अरविंदभाईंचा छापखाना म्हणजे समोर काउंटर, मागे मशीन आणि मधे माझी खुर्ची. दिवाळीनंतर फोन वाजला की अरविंदभाई माझ्याकडे बघायचे आणि मग उचलायचे.

एकदा उंबरगावहून एका वाचकाचा फोन आला. जुना वाचक, पहिल्या अंकापासूनचा. स्पीकर चालू होता, त्यामुळे सगळं मलाही ऐकू येत होतं. तो माणूस चिडला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. तो समजून घ्यायला बघत होता.

"अरविंदभाई, एक विचारू? हा अंक तुमचाच ना?"

"हा हा, आपलाच. पण तेच्यात जरा प्रिंटिंग मिस्टेक आहे."

"कुठली मिस्टेक?"

"ते बंगला, मुंबई, ते बधू."

"म्हणजे अख्खी गोष्टच?"

"हा. मशीन जूनी छे ने."

मी खुर्चीत ताठ झालो. अरविंदभाईंनी हाताने मला बस म्हणून खुणावलं. पलीकडच्या माणसाला जणू मोठा आधार मिळाला. "असं होय," तो म्हणाला, "मग ठीक आहे. मला वाटलं कोणी मुद्दाम लिहिलंय."

फोन ठेवल्यावर मी अरविंदभाईंवर बिघडलो. म्हटलं, तुम्ही सरळ खोटं बोललात, आणि तेही कोणाच्या मासिकाबद्दल, खोटं पकडणाऱ्या बत्तीबहाद्दरच्या. अरविंदभाईंनी चष्मा काढून पुसला.

"दिनेशभाय, मी मशीनला नाव लावला. तुझा नाव घेतला असता तर खरा बोलला असता. तुला कुठला पायजे ते सांग, पुढच्या फोनला तेवढा बोलतो."

पुढचा फोन वाजला तेव्हा मी पाणी प्यायला मागे गेलो.

*

हे सगळे किस्से मी हरेशला रंगवून सांगायचो. तो हसायचा, पण पहिल्यासारखा नाही. दिवाळीनंतर त्याने नवं पानही काढलं नव्हतं. विचारलं की म्हणायचा, वाडीत काम आहे. मला वाटलं, लोकांच्या बोलण्याने तोही माझ्यावर वैतागलाय. एका रविवारी सरळ विचारायला म्हणून चिखल्याला गेलो. हरेश खत आणायला गेला होता. भारतीवहिनींनी चहा ठेवला.

बत्तीबहाद्दरच्या हाताची करंगळी वाकडी आहे. पहिल्या अंकापासून. बत्तीच्या कडीभोवती चार बोटं वळलेली आणि करंगळी बाहेर. सुरुवातीला मी हरेशला दोनतीनदा म्हटलंही होतं, ती नीट काढ म्हणून. तो "बरं" म्हणायचा आणि पुन्हा तशीच काढायचा. मग वाचकांनाच ती आवडायला लागली. ओरिजिन लिहिताना मला वाटलं, या करंगळीचाही उलगडा करून टाकावा. म्हणून स्फोटात काच लागून तिची शीर तुटते, असं मी लिहिलं. त्या पानावर मी फार खूश होतो. वहिनींना तेच सांगत बसलो होतो, की बाकी कोणी काही म्हणो, करंगळीचं मात्र मस्त जमलं.

वहिनींनी कप माझ्यासमोर ठेवला. मग भिंतीकडे बोट केलं. तिथे हरेशच्या वडिलांचा फोटो होता. मी तो शंभरदा पाहिलेला. कुठल्याशा लग्नाच्या मांडवातला, गर्दीतून कापून मोठा केलेला.

"मामंजी," वहिनी म्हणाल्या. "आख्ख्या गावात गॅसबत्ती यांच्याकडेच होती. कोणाचंही लग्न असलं तरी लोक बत्ती मागायला यायचे. ते बत्ती देऊन मोकळे व्हायचे नाहीत, स्वतः घेऊन जायचे. रात्रभर पंप मारत मांडवात उभे राहायचे. जेवायलासुद्धा शेवटी बसायचे."

मी उठून जवळ गेलो. फोटोत त्यांनी बत्ती उंच धरली होती. चार बोटं कडीभोवती आणि करंगळी बाहेर.

"झाडावरून पडले होते लहानपणी," वहिनी म्हणाल्या. "तेव्हापासून ती वळायची नाही."

चहावर साय धरली तरी मी उभाच होतो. हरेश आला, त्याने मला फोटोसमोर पाहिलं आणि काय झालं ते त्याला कळलं. तो हातपाय धुऊन आला, माझ्यासमोर बसला. मी म्हटलं, "अरे, एवढी वर्षं. एकदा बोलायचंस ना. निदान स्क्रिप्ट वाचल्यावर तरी."

"बोलणार होतो," हरेश म्हणाला. "पण तू फोनवर इतका खूश होतास त्या स्फोटावर."

"म्हणून तू तसंच काढलंस?"

"काढलं. काच मात्र छोटी काढली."

*

आता शेवटचा. तलासरीच्या पुढे डोंगराकडच्या एका गावात काशिनाथ नावाचा रिक्षावाला आहे. त्याने आणि गावातल्या पोरांनी ग्रामपंचायतीच्या बाजूच्या खोलीत छोटं वाचनालय काढलं. उद्घाटनाला मला बोलावलं. मी नाही म्हणणार होतो. पण काशिनाथ स्वतः तलासरी नाक्यावर रिक्षा घेऊन उभा राहिला, मग जावंच लागलं.

सबंध रस्ताभर मी उत्तरं तयार करत होतो. बंगला का, आई कुठे, टॉर्च का नाही, सगळ्याची.

गावात पन्नासेक माणसं जमलेली. वाचता न येणारीही बरीच होती, कारण काशिनाथ रविवारी अंक मोठ्याने वाचतो आणि सगळे ऐकायला येतात. फीत कापली, नारळ फोडला. मग प्रश्न सुरू झाले. मोटारपंपाच्या चोराचं पुढे काय झालं? खोट्या नवरदेवाने नंतर खरं लग्न केलं का? एका बाईने विचारलं, बत्तीबहाद्दर पावसाळ्यात बत्ती कशी सांभाळतो. दुसऱ्याने तिला मधेच सांगितलं, इरलं घेतो, मागे दाखवलंय. सगळे मनापासून हसत होते. मीही हळूहळू सैल झालो. बत्तीबहाद्दर कुठला, हा एकच प्रश्न कोणी विचारला नाही.

मलाच राहवेना. मी म्हटलं, "तुम्ही आमचा दिवाळी अंक वाचलात का?"

सगळे काशिनाथकडे बघायला लागले.

"तो आलाच नाही सर," काशिनाथ म्हणाला. "रस्ता खचला होता."

"पेपरवाला आजारी होता," त्याच वेळी मागून एक जण म्हणाला.

"दोन्ही झालं," तिसऱ्याने मिटवलं.

मी कपाटाकडे पाहिलं. सगळे अंक ओळीने लावलेले, पुठ्ठ्याची कव्हरं घालून. खरंच, दिवाळीचा तेवढा त्यात नव्हता. काय सांगू, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला. निदान एक गाव तरी असं होतं, जिथे माझी शोभा झालेली नव्हती. मी उत्साहाने म्हटलं, "काही हरकत नाही, मी पाठवतो एक."

"नको, नको," चारपाच जण एकदम म्हणाले.

"कशाला त्रास," काशिनाथ घाईने म्हणाला. "जेवून घ्या सर."

नागलीची भाकर, सुकटीची चटणी आणि भात, असं जेवण झालं. काशिनाथची म्हातारी मावशी स्वतः वाढत होती. दुपारभर ती दारापाशी बसून सगळं ऐकत होती, एक शब्द बोलली नव्हती. मी दुसरी भाकर नको म्हणत असताना तिने ती ताटात टाकली.

निघायची वेळ झाली. सगळं गाव रिक्षापर्यंत आलं. कोणी काकड्या दिल्या, कोणी शेवग्याच्या शेंगा. मी हात जोडून रिक्षात बसलो. तेवढ्यात मावशी गर्दीतून पुढे आली. तिला येताना पाहिलं आणि काशिनाथने घाईघाईने रिक्षा चालू केली. पण ती चालून येऊन माझ्याजवळ उभी राहिली, वाकून आत आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"होतं असां कदी कदी, बाबा," ती हळूच म्हणाली. "पुढला बेस लिव."